साडेसहा लिटर

३ ऑगस्ट, रविवार
आमच्या ट्रॅकवरच्या गाडीचं जुनं इंजिन गेलं ते गेलंच. आज नोएडाच्या गॅरेजमध्ये उघडून पाहिलं. एक पिस्टन चक्क वितळलाय. दोन लिटरच्या इंजिनाला टर्बो लावून पिळपिळ पिळलं, वर ट्रॅकवर जूनचं ऊन. दुसरं काय होणार होतं?

धाकटा दीर सलील म्हणाला, "वहिनी, परत तेच बसवू. नाहीतर सरळ विकून टाकू." जानेवारीत त्याची पुण्याला बदली. गाडी दोघांची निम्मी निम्मी, आणि गुडगावचा एकजण आहे तशी घ्यायला तयार आहे म्हणे. शेवटी ठरलं: डिसेंबरपर्यंत ट्रॅकवर नीट धावली नाही, तर विकायची. धावली, तर मग बघू.

"ठीक आहे, पण इंजिन मी निवडणार," मी म्हटलं. रागात म्हटलं, पण म्हटलं.

१० ऑगस्ट, रविवार
सापडलं! अपघातात मोडलेल्या एका परदेशी एसयूव्हीचं. सहा लिटर, आठ सिलिंडर, टर्बो नाही. मला हवं तस्सं.

गॅरेजचे मालक गुलशनजी कपाळाला हात लावून बसले. "मॅडम, ये हाथी है. और आपकी गाडी इतनी सी." इतनी सी असू दे. टेप घेऊन नाकापासून मागपर्यंत मोजली. बसतं. स्टिअरिंगचा दांडा जरा सरकवावा लागेल, एवढंच.

वळणातून बाहेर पडताना टर्बो विचार करत बसतो आणि नको तेव्हा लाथ मारतो. मोठं इंजिन पाय ठेवला की ओढतं. सलीलला कागदावर काढून दाखवलं. तासाभराने "अच्छा, चलो" म्हणाला. जिंकले!

घरी अविनाशला सांगितलं. नवऱ्याची प्रतिक्रिया: "आपल्या आर. के. पुरमच्या क्वार्टरखाली आणून उभी करू नकोस म्हणजे झालं." सव्वीस वर्षांच्या संसारात एवढा उत्साह पुष्कळ.

२४ ऑगस्ट, रविवार
आता नवं भांडण. सहा लिटरचं इंजिन वाढवायचं हे नक्की. कसं, ते नाही.

माझं म्हणणं, लांब स्ट्रोकचा क्रँक घालायचा, म्हणजे पिस्टन जास्त अंतर वरखाली करेल. साडेसहा लिटर, बास. सलीलला सिलिंडरही कापून रुंद करायचेत. सात! परवापर्यंत टर्बो टर्बो करणारा माणूस. "वहिनी, सात सांगायला किती भारी वाटतं यार."

सांगायला. अरे, कापलेलं परत भरता येत नाही. भिंत पातळ झाली की हे पण तापणार, आणि सिलिंडरांचा ब्लॉक एकच आहे, दुसरा मिळणार नाही. आधी भिंतींची जाडी मोजू म्हटलं, तर गुलशनजी: "जरूरत ही नहीं. कंपनी का माल है."

कापायचं नाही, म्हणून सांगून आले. सलीलने परतीच्या वाटेवर गाणी मोठ्याने लावली.

२१ सप्टेंबर, रविवार
इंजिन जुळून स्टँडवर उभं राहिलं. हाताने फिरवून पाहिलं, लोण्यासारखं फिरतंय. कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या पार्टांतल्या चुका काढते मी. हे माझं. नुसती बघत उभी राहिले.

२ ऑक्टोबर, दसरा
काय करून बसले मी!

गॅरेजची विश्वकर्मा पूजा मागेच झाली होती, पण दसऱ्याला आपल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा नको? झेंडू, हळदकुंकू, पेढे घेऊन गेले. कुंकू लावलं, हार घातला, डोळे मिटले आणि लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता टाकल्या.

वरचा मॅनिफोल्ड बसवलेला नव्हता. हवा आत जायची आठही भोकं उघडी.

"वहिनी... तांदूळ आत गेले."

कारखान्यात कोणी भोक उघडं ठेवलं तर मी आकाशपाताळ एक करते. सगळे माझ्याकडे बघत होते. व्हॅक्यूमने ओढले, बारीक कॅमेरा घालून पाहिलं, तर एक दाणा पिस्टनवर मजेत बसलेला. सिलिंडरांवरचं झाकण, म्हणजे हेड, खोलायलाच लागणार. गुलशनजी पेढा खात म्हणाले, "मॅडम, पुलाव बन जाता." हसले सगळे. मला रडू येत होतं. घरी येऊन अविनाशवर उगाच खेकसले.

५ ऑक्टोबर, रविवार
दोन्ही हेड खोलली. तांदूळ निघाले. आणि संधी साधून सलील: "आता उघडलंच आहे, तर कापून घेऊ ना. सात."

गुलशनजी पण त्याच्या बाजूने. "नीचे का भी खोल देता हूँ, दो दिन का काम है." अक्षता मी टाकलेल्या, त्यामुळे बोलायला तोंड नाही. एक क्षण वाटलं, होऊन जाऊ दे.

नाही होऊ दिलं. कारखान्यातून जाडी मोजायचं यंत्र मागून आणलं होतं, तेच काढलं. "मोजू. पुरेशी निघाली तर कापा, मी हू की चू करणार नाही." एकेक सिलिंडर चारही बाजूंनी मोजला. पहिले सहा उत्तम. सातवा उत्तम. आठवा एका अंगाला इतका पातळ, की सातसाठी कापला असता तर कागद उरला असता. ओतकामातच सरकलेलं.

सलीलने यंत्र हातात घेऊन स्वतः मोजलं. परत मोजलं. मग म्हणाला, "साडेसहा." गुलशनजींनी चहा मागवला, माझ्यासाठी बिनसाखरेचा, न विचारता.

एवढा आनंद प्रमोशनला पण झाला नव्हता. उगाच विनय कशाला? माझं बरोबर होतं!

९ नोव्हेंबर, रविवार
सुरू झालं. पहिल्याच झटक्याला! पत्र्याचं छप्पर थरथरत होतं, शेजारच्या फर्निचरवाल्याचे लोक धावत बघायला आले. गुलशनजी ओरडून काहीतरी सांगत होते, एक अक्षर ऐकू आलं नाही. सलीलने मला मिठी मारली, तेलकट हातांनी. साडी असती तर गेली असती.

७ डिसेंबर, रविवार
ट्रॅक. ग्रेटर नोएडा. धुकं विरेपर्यंत सगळे हात चोळत उभे.

आधी मी. पहिली फेरी हळू. दुसऱ्या फेरीत लांब वळणातून बाहेर पडताना पाय दाबला आणि... कसं लिहू. वाट बघणं नाही, लाथ नाही. नुसती ओढ, सरळ रस्ता संपेपर्यंत. हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्याने हसत होते. तापमानाचा काटा जागचा हलला नाही. त्या दोन टर्बोवाल्या गाड्या, उन्हाळ्यात ज्या मला मागे टाकून गेल्या होत्या, दोन्ही मागे.

मग सलील. उतरला तेव्हा हेल्मेट काढेना. काढलं तर डोळे लाल. "धूळ," म्हणाला. बरं.

अविनाश आला होता! मुलांच्या सामन्याला आलेल्या आईबापाच्या थाटात पोळीभाजीचा डबा घेऊन. "आवाज जरा जास्त आहे," एवढंच बोलला, पण व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना पाठवून झालाय.

१० डिसेंबर, बुधवार
संध्याकाळी सलील घरी आला. गुडगाववाल्याने व्हिडिओ पाहिला, आता त्याला ही गाडी हवीच आहे. रविवारपर्यंत उत्तर मागतोय. पुण्याला नेऊन ठेवायला जागा नाही, एकटीला मला झेपायची नाही, हे सगळं सलील बोलला आणि खरंच बोलला.

मग फोन वाजला. गुडगाववालाच. सलील स्क्रीनकडे बघत बसला, उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला.

"वहिनी, ती लांब वळणाची जागा," तो म्हणाला, "तिथे तू तिसरा गिअर टाकतेस की चौथा?"

"चौथा. हे इंजिन चौथ्यातच ओढतं."

"मी तिसरा टाकला. म्हणजे अजून वेग आहे त्यात."

"आहे."

अविनाश आतून जेवायला बोलावत होता. आम्ही दोघंही उठलो नाही.