झंझाजित पोरकाच राहील

तांबरम,
९ मार्च १९८१

प्रिय सरू,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. तिन्हींत प्रश्न एकच आहे: लग्नपत्रिकेत अप्पा-आईच्या नावाआधी काय छापायचं. आणि माझ्या तिन्ही उत्तरांत मांडवाचे खांब, आचाऱ्याचा अहंकार आणि रत्नाकरच्या अंगठीचं माप. पुण्यात दोन वर्षं शिकवून तुझं मराठी इतकं शुद्ध झालंय की आमच्या तंजावरी वळणाची टाळाटाळ आता तुला ओळखू येणार नाही, अशी माझी भाबडी समजूत होती. तिसऱ्या पत्रात निबाने कागद फाटलेला पाहिला आणि ती समजूत गेली. उत्तर देतो. पण आधी एका भांडणाची हकीगत ऐक, कारण उत्तर मला त्या भांडणातच सापडलं.

शाळेत संस्कृतच्या विभक्त्या शिकवणारा तुझा काका माउंट रोडवरच्या एका छापखान्यासाठी चोरून तमिळ चित्रकथा लिहितो, हे मुख्याध्यापक सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा झंझाजित नुसत्या तळहाताने वादळ थोपवतो. दीपगृहाच्या रखवालदाराचा मुलगा. पहिल्याच अंकात आई-बाप होडीतून गेले ते आले नाहीत. तेव्हापासून हा दर महिन्याला दुसऱ्यांचे आई-बाप वाचवतो आणि शेवटच्या चौकटीत एकटाच दीपगृहाचा जिना चढतो. तर गेल्या सोमवारी आमचे मालक गजेंद्र यांनी मला बोलावलं, समोर फिल्टर कॉफी ठेवली (फुकटची, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं) आणि म्हणाले, शास्त्री, शंभराव्या अंकात दोघांना परत आणा. परदेशी कॉमिकांत मेलेले सर्रास परत येतात. पोरं उड्या मारतील.

मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, का नाही? मी म्हणालो, आई-बाप आले की हा वादळ कशासाठी अडवेल? संध्याकाळी सातला जेवायला घरी ये, म्हणून आई दटावील, आणि बंगालच्या उपसागराने काय करायचं ते करावं. गजेंद्र हसले, पण हटले नाहीत. मग मी धर्मशास्त्र काढलं. मेला समजून ज्याचे विधी उरकले तो परत आला, तर त्याचीही सोय आमच्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. त्याला तुपात बुडवून काढायचा, न्हाऊ घालायचा, नवजात बाळासारखं जातकर्म, मग बारसं, मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. म्हटलं, हे सगळं दाखवाल? वाटलं, माणूस घाबरेल. अय्यो, यात तर सहज तीन अंक निघतील, असं म्हणून त्यांनी वहीत टिपून घेतलं.

तेव्हा माझा तोल गेला. सरू, मी ओरडलो. अठ्ठावन्न जणांच्या स्टाफरूममध्ये ज्याचा आवाज कोणी ऐकला नाही तो माणूस छापखान्यात ओरडला, आणि यंत्रावरची माणसं काम टाकून बघू लागली. मी म्हणालो, आपला अंक वाचणाऱ्यांत ज्यांचे आई-बाप गेलेत अशीही मुलं आहेत. ती अंक मिटतील आणि विचारतील, याचे आले, मग माझे का नाहीत? मी काय कमी केलं? त्या पोरांना उत्तर द्यायला तुम्ही जाल का मी जाऊ? झंझाजित पोरका आहे आणि पोरकाच राहील. दुसरा लेखक बघा हवं तर.

 गजेंद्रनी कपाटातून पहिला अंक काढला आणि चौथं पान माझ्यापुढे उघडलं. तुला आठवत असेल ते चित्र, सीतालक्ष्मीने काढलेलं: वाळूवर उपडी होडी, आणि दुसरं काही नाही. शास्त्री, ते म्हणाले, प्रेतं कुठं आहेत? तुम्हीच दार उघडं ठेवलंय. मी नुसता आत येतोय.

खरं होतं ते. सीतालक्ष्मीने तेव्हा विचारलं होतं, सार, दोघांना वाळूवर दाखवू का? मी घाईघाईने म्हणालो होतो, नको, होडी पुरे. लहान मुलं वाचतात, असं कारणही दिलं होतं. लहान मूल माझ्या घरात तेव्हा चौदा वर्षांचं होतं आणि त्याला सगळं कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं ते मला.

चौसष्टच्या डिसेंबरात धनुष्कोडीला समुद्राने गाडी ओढून नेली, तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तुझा अप्पा व्यंकट माझा धाकटा भाऊ, तरी तिकीट काढताना मला विचारायचा. त्या वेळी मात्र तुझ्या आईच्या, कामाक्षीच्या, नवसासाठी तिला घेऊन न विचारता त्या गाडीने निघाला. नंतर कुणीतरी सांगितलं, दोघं आदल्या स्टेशनावर, पांबनला उतरताना दिसले होते. कुणी, कधी, काही नाही. त्या एका वाक्यावर मी घर चालवलं. सकाळी शाळेआधी तू आणि मी तांबरमच्या फलाटावर जायचो. रामेश्वरमची गाडी यायची, माणसं उतरायची, बोचकी उतरायची, तू एकेक चेहरा बघायचीस. गाडी एग्मोरकडे सुटली की मी तुला दोन इडल्या घेऊन द्यायचो. लोकांना वाटायचं, काका पोरीची समजूत काढतोय. दहाव्या वर्षी तू एके सकाळी म्हणालीस, काका, आज नको, माझी परीक्षा आहे. मी एकटा गेलो. त्यानंतर किती दिवस एकटा जात होतो, ते मी तुला सांगितलेलं नाही आणि आजही आकडा सांगणार नाही.

बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायचं, मग पळसाच्या काड्यांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यायचा. शहात्तर साली बारा वर्षं भरली. अनंतकृष्णमामा दर सणाला विचारायचे, राघोत्तमा, विधी कधी? मी म्हणायचो, पळस मिळत नाही. मद्रासमध्ये पळस मिळत नाही! मामांनी एकदा सेलमहून गाडीत घालून भारा पाठवला, तर मी म्हणालो, ओला आहे.

आता तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी नांदीश्राद्ध होईल. भटजी मला विचारतील, वधूचे पितर कोण. तिथे पांबन चालत नाही. व्यंकट एक तर जिवंत आहे, म्हणजे कन्यादानाला त्याने बसायचं. नाहीतर गेलेल्यांत त्याचं नाव घ्यायचं. तुझा पत्रिकेचा प्रश्न हाच होता, आणि तू तो सहा वर्षांच्या मुलीसारखा नाही, मोठ्या बाईसारखा विचारलास. लपत होतो तो मी. छापखान्यातून घरी येताना विजेच्या गाडीत मला एवढंच उमजलं, की जे मी गजेंद्रना करू देत नाही ते मी घरात सोळा वर्षं करत आलो.

म्हणून शंभरावा अंक लिहून टाकला. झंझाजित किनाऱ्यावर काड्यांची दोन माणसं करतो, डोक्याच्या जागी नारळ ठेवतो, अग्नी देतो, आणि त्या संध्याकाळी जिना चढून पहिल्यांदा दिवा स्वतः लावतो. गजेंद्रनी वाचून हस्तलिखित परत केलं. मी पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवून आलो आहे. उद्या परत केलं तर परवा पुन्हा ठेवीन. माझी निवृत्ती लांब आहे.

हे पत्र लिहिलं ते तुला बोलावण्यासाठी. लग्नाआधी तीन आठवडे ये. पळस वाळलेला आहे, पाहून ठेवलाय. अग्नी तू द्यायचास. मुलीने कसा द्यायचा, म्हणून भटजी कुरकुरले. मी त्यांना वचन काढून दाखवलं. सापडलं नसतं तर बसून अनुष्टुभात एक रचलं असतं, आणि वृत्त बिनचूक ठेवलं असतं. पत्रिकेत दोघांच्या नावाआधी 'कैलासवासी' छाप. नांदीत पहिलं नाव आईचं येतं, तेव्हा आधी कामाक्षीला हाक जाईल, मग व्यंकटला. रुसेल, पण रुसू दे. आणि रामेश्वरमची दोन तिकिटं काढली आहेत. तांबरमहूनच बसू. इतकी वर्षं आपण त्या फलाटावर कोण उतरतं ते बघत उभे राहिलो. या खेपेला आपण चढायचं.

तुझाच, ओल्या पळसाची सबब संपलेला,
राघोत्तमकाका