आपणहून

३ मार्च, मंगळवार

टक्, टक्, टक्! बाकावर ताल धरणारी बोटं. आज जाग आली ती त्या आवाजाने. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा वर्ग, कवितेचा तास. गुरुजींनी पहिली ओळ म्हणायची की पुढची आमच्या तोंडून आपोआप बाहेर! अर्थ निम्मा कळायचा नाही, पण ओळ अडायची नाही.

अंथरुणात तसाच रमलो आणि लेकीकडे पोचायला वीस मिनिटं उशीर. दोन गल्ल्या तर आहेत मध्ये! जावई सहाला छापखान्यात जातो, तो निघाला की मी हजर, असं ठरलेलं. ती पलंगाच्या कडेला बसलेली. एका पायात मोजा, दुसरा हातात.

"थंडी वाजतेय का गं?"

"हो."

"मग घातला का नाहीस?"

खांदे उडवले. "घाल" म्हटलं, लगेच घातला. माझ्या उशिरामुळे पोर वीस मिनिटं गारठली. लाज वाटली.

५ मार्च, गुरुवार

तिघं दवाखान्यात. गोदामाच्या शिडीवरून पडली त्याला पाच महिने झाले. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला, मग स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "हातपाय ठीक, समजही ठीक. मार इथे बसलाय. काम सुरू करून देणारा भाग. तिला सगळं कळतं, पण 'चला, करू या' ही आतली हाक उठत नाही. कृपा करून आळस म्हणू नका."

जावई हसला, पण डोळे भरलेले. "डॉक्टर, ही गोदामात बारा हमालांना हाकायची हो. घरात मला! तेव्हा वैतागायचो. आता म्हणतो, बाई, एक तरी हुकूम सोड."

चोवीस तारखेला तपासणी. सकाळचं आवरणं तिला कुणी न सांगता जमलं, तर घरी राहील. नाही तर निवासी केंद्र, परगावी, चार तासांवर. जावयाची नोकरी सुटली तर दोघं खाणार काय? आणि मी शहात्तर. किती सकाळी पुरणार?

पण केंद्रात नाही जाऊ द्यायची. हे आज लिहून ठेवतो.

९ मार्च, सोमवार

युक्ती सापडली! दुपारभर बसून रचलं—

पाय खाली, चप्पल घाल,
नळाकडे थेट चाल,
ब्रश हाती, दात घास,
पुरे आता, भर ग्लास.

अशी पाच कडवी, केस विंचरेपर्यंत. वृत्त जरा लंगडतंय. लंगडू दे.

१० मार्च, मंगळवार

चाललं!! मी पहिली ओळ म्हटली, ती उठली. दुसरी म्हटली, नळाशी. अर्ध्या तासात सगळं आवरून तयार! जावयाला फोन केला. मशीनच्या खडखडाटात ओरडला, "बाबा, तुम्ही तर मोठे कवी निघालात!" दिवसभर हवेत होतो.

१३ मार्च, शुक्रवार

रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ताई आज घरी आल्या. मी ऐटीत प्रयोग सादर केला. त्यांनी कौतुक केलं. मग म्हणाल्या, "काका, आता तुम्ही स्वयंपाकघरात बसा. दार लावून. एक शब्द नाही."

बसलो. घड्याळाकडे बघत. अकरा मिनिटं. बाहेर कसलीच चाहूल नाही. दार उघडलं तर ती होती तिथेच, भिंतीकडे बघत.

"काका, तुमची कविता छान आहे. पण ती तुमच्या तोंडात आहे. हिचं चाक तुम्ही ढकलता, म्हणून फिरतं."

पहिली ओळ नेहमी मीच म्हणत होतो की! आणि पहिल्या ओळीपाशीच तर तिचं अडतं. एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. कवितेच्या नादात पोरीला आणखी परावलंबी करत होतो.

ताईंनी भिंतीवर चित्रांची कार्डं लावली. मोबाइलला गजर लावला. गजर वाजला की पहिलं कार्ड बघायचं, झालं की उलटं करायचं, मग दुसरं. जमेल तसे गजरही कमी करायचे. "वेळ लागेल. पण कोणी सांगायचं नाही. तुम्ही तर सोमवारपासून आठवडाभर यायचंच नाही, काका. तुम्हाला बघितलं की ती वाट बघत बसते."

जावई रजा टाकून शेजारच्या खोलीत मुका बसणार आहे. ती त्याच्या हुकमाची वाट बघणार नाही, असं ताईंचं म्हणणं. हुकूम सोडायची सवय तिची होती ना!

१६ मार्च, सोमवार

गेलो नाही. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. जावयाचा फोन: गजर वाजला, कार्डाकडे बघितलं, परत झोपली.

१७ मार्च, मंगळवार

उठली. ब्रश हातात घेऊन उभी राहिली. पुढे काही नाही. जावई म्हणाला, "ओठ आवळून बसलो होतो हो बाबा!" म्हटलं, आणखी आवळ.

१८ मार्च, बुधवार

गेलो नाही.

१९ मार्च, गुरुवार

दात घासले! तोंड धुतलं! मोजे दोन्ही! एक तास लागला म्हणे. लागू दे दोन तास. अजून पाच दिवस हातात आहेत. कडव्यांचा कागद फाडला. बरं वाटलं, थोडं दुखलंही.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी नऊला बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून उघडलं, तर लेक! एकटी. केस न विंचरलेले, स्वेटर उलटा. फाटकाबाहेर तिच्यामागे जावई, अनवाणी, धापा टाकत, ओठांवर बोट ठेवून मला खुणावतोय: बोलू नका! त्याने पाठवली नव्हती.

"बाबा, पाच दिवस आला नाहीत. बरं नाहीये का तुम्हाला?"

"आत ये" अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. दारातून नुसता बाजूला झालो.

ती थोडा वेळ उंबऱ्यावर उभी राहिली. मग आली आत.