बाबा मॉडेल झाले

९ जानेवारी
"हात छान. कापड छान. माणूस कुठाय?" — सर. अख्ख्या वर्गासमोर! चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला पोर्ट्रेट घेतलं आणि माणूसच सापडत नाही, म्हणजे झालंच की. उंट (वर्गातला माझा एकुलता एक मित्र, मान तशीच आहे त्याची) म्हणाला, "तुझी माणसं ओळखपत्राला बसल्यासारखी दिसतात." खरं बोलला मेला.

१२ जानेवारी
मॉडेल घरातच आहे! बाबा. झटका आल्यापासून खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. अर्ध्या गावाला ओरडून ओरडून गाडी शिकवली त्यांनी — "ब्रेक! अहो ब्रेक म्हणतोय, हॉर्न नाही!" आणि आता घशातून नुसती घरघर. शिकाऊ लोकांना सांगायचे, "माझी लेक नुसत्या हातानं सरळ रेघ ओढते. तुम्ही चार चाकांवर तरी ओढा!"

"बसाल माझ्यासाठी?" म्हणून विचारलं. पाहत राहिले. मी ते 'हो' धरलं.

१३ जानेवारी
मान सारखी खिडकीकडे वळवतात. हनुवटीला धरून परत सरळ करावी लागते. दमत असतील.

१९ जानेवारी
सरांनी स्केच पाहिलं. म्हणाले, "हा ओठाचा लोंबता कोपरा. चित्र इथे आहे. भीड ठेवू नकोस."

घरी आल्यावर रंग लावायला बसले. आई नेहमीसारखी रुमाल घेऊन बाबांचं तोंड पुसायला आली.

"थांब ना, पुसू नकोस. ती ओल हवीय मला."

"अगं, त्यांना नाही आवडत तसं राहायला."

"पाचच मिनिटं, आई!"

पाच मिनिटांचा तास झाला. हनुवटीवरून ओघळ शर्टावर उतरला. तोही रंगवला. आई रुमाल मुठीत धरून दारात उभी. माझा हात इतका सुरेख कधीच चालला नव्हता.

२० जानेवारी
बाबा जेवले नाहीत. आई माझ्याशी बोलत नाहीये.

२ फेब्रुवारी
निवड झाली! वार्षिक प्रदर्शनात, दारातून शिरल्या शिरल्या समोरची भिंत! सर म्हणाले, "सापडला एकदाचा माणूस."

उंट चित्रासमोर उभा राहिला. थट्टा नाही, काही नाही. "त्यांनी पाहिलंय हे?"

"अजून नाही."

"हं."

तो 'हं' काही डोक्यातून जात नाही.

९ फेब्रुवारी
आई उद्या बाबांना प्रदर्शनाला आणणार. मी म्हटलं, गर्दी असते, त्यांना त्रास होईल, कशाला उगाच...

"लेकीचं चित्र पाहायला नको त्यांनी? दाढी करून देते. निळा शर्ट घालते."



१० फेब्रुवारी
बाबा बोलले. व्हीलचेअर चित्रासमोर थांबली, डावा हात हळूहळू वर आला. "नको." स्पष्ट. मग पुन्हा — "नको." आई रडायलाच लागली, "बोलले! अगं, बोलले हे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीसुद्धा. टाळ्या चालू असतानाच मी चित्र भिंतीवरून उतरवलं.