गाण्यांची पत्रिका

४ फेब्रुवारी, बुधवार

शिसारी आली आज. डोंबिवलीच्या एका वधूवर मंडळाचं काम कंपनीला मिळालंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. मंडळ चालवतात प्रभाकर काका. निवृत्त, गोड बोलणारे, समोरच्याचं वाक्य कधीही पुरं न ऐकणारे. म्हणाले, "पत्रिका आम्ही जुळवतोच. पण हल्लीच्या मुलांचं मन कुठे दिसतं? गाण्यांत दिसतं." म्हणजे मुलामुलींनी मंडळाच्या वेबसाइटवर यायचं, आपल्या गाण्यांच्या ॲपचं लॉगिन द्यायचं. कोण काय ऐकतं ते आपण तिथून खेचून आणायचं. मग दोघांची गाणी जुळवून गुण. छत्तीसपैकी!

मी विचारलं, शंभरपैकी का नको? तर म्हणे लोकांना छत्तीसची सवय आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

कोड सोपं आहे, माणसं नाहीत. ॲपवाल्यांचा नियम चांगला आहे — ज्याची गाणी, त्याला आधी विचारायचं, अमुक अमुक बघू का? त्याने हो म्हटलं की आपल्याला एक किल्ली मिळते आणि तेवढंच बघता येतं. मी फक्त सगळ्यात जास्त ऐकलेली गाणी मागितली होती. काकांना ती कधी ऐकली तेही हवं. रात्री जागणारी मुलगी त्यांना आधीच कळायला हवी.

स्वानंदला सरळ सांगितलं की हे मी करणार नाही. स्वानंद म्हणजे आमच्या ठाण्याच्या कंपनीचा मालक, पण कॉलेजात माझ्याच वर्गात होता, त्यामुळे भांडता येतं. तो म्हणाला, "अगं, परवानगी घेऊन ठेव ना. वापरू नकोस. उद्या लागली तर सगळ्यांना परत लॉगिन करायला लावणार का?"

घेऊन ठेवली. वापरणार नाही. लोक ते पान वाचतसुद्धा नाहीत, बटण दिसलं की दाबतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

'मनाचा कल' नावाचा नवा रकाना! आनंदी, शांत, उदास. उदास लाल रंगात. मी तो राखाडी केला, काकांनी फोन करून परत लाल करून घेतला. गाणं ऐकून डोळे भरून येणं हा आता स्थळातला दोष. डबा तसाच घरी आणला.

१३ फेब्रुवारी

आई विचारते, तुझं नाव घातलंस का गं त्यात? हे जेवताना.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मंडळात बसून माझंच काम डोळ्यांनी बघितलं.

रुपाली नावाची मुलगी. कोपरला राहते, ठाण्याला बँकेत काउंटरवर असते. दिपेश म्हणून एका मुलाशी जमत आलंय. दोघं आधी भेटलेत, पसंती झालीय. तो आला तेव्हा तिने पर्स उचलून बाजूची खुर्ची रिकामी केली, तेवढ्यावरून कळत होतं. तिच्या घरून कुणी आलं नव्हतं. त्याची आई मात्र आली होती, खास गाण्यांचा कागद बघायला.

कागद निघाला — लाल. वरची सगळी गाणी जुनी, विरहाची. त्यातलं एक तर बाकीच्यांच्या कितीतरी पुढे. दिपेशची आई म्हणाली, "एवढं एकच गाणं कोण ऐकतं? कुणीतरी होतं ना आधी?" हे मुलीच्या तोंडावर, चहा पीत पीत. दिपेश मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. काका कागदाकडे असे बघत होते की जणू डॉक्टरचा रिपोर्ट आलाय.

रुपाली म्हणाली, "माझीच गाणी आहेत. मला आवडतात."

बस. एवढंच. दुपारी त्यांचा नकार आला. आणि तो रकाना मी बनवलाय, या हातांनी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

डोक्यातून जात नव्हतं. शेवटी घेऊन ठेवलेली परवानगी वापरली! रुपालीने अलीकडे ऐकलेली गाणी वेळेसकट काढली. बघते तर सगळी भरदुपारची, कामाच्या दिवशीची. त्या वेळी ही बँकेत असते, समोर रांग आणि फोन ड्रॉवरमध्ये. मंडळाच्या फॉर्मप्रमाणे घरात तिघंच, आणि वडील कामावर. म्हणजे घरी फक्त आई.

कसं सुचलं नाही कुणाला? एका घरात एकच खातं असतं आणि त्यावर सगळे ऐकतात. माझ्या खात्यावर आईची भजनं आहेत आणि भाच्याची बडबडगीतं. मला छत्तीसपैकी किती देणार? पण एक खातं म्हणजे एक माणूस, असं धरून मीच गणित मांडलं होतं. गाढव.

तडक डोंबिवली गाठली आणि काकांपुढे लॅपटॉप उघडला. गाणी मुलीची नाहीत, तिच्या आईची आहेत, हा घ्या पुरावा. काका इतके खूश झाले की तिथल्या तिथे दोन्ही घरी फोन लावले. रुपालीच्या वडिलांना म्हणाले, "अहो, रडारड मुलीची नव्हेच, वहिनींची निघाली! तेच तेच गाणं लावून बसतात दुपारभर. लक्ष द्या जरा." आणि गाण्याचं नावही सांगितलं. खो खो हसले. मीही हसले.

पहिल्यांदाच या कामाची किळस नाही वाटली. पोरीवरचा डाग तरी पुसला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रुपालीचा फोन आला. आवाज एकदम शांत.

"तुला हे करायला कोणी सांगितलेलं?"

मी म्हटलं, अगं, तुझ्यावर उगाच आळ येत होता.

"येऊ दे ना. मला माहीत नव्हतं का कोणाची गाणी आहेत ते? मीच माझं ॲप आईच्या मोबाइलवर चालू करून दिलेलं. ते गाणं आमच्या घरात लागत नाही. मी लहान असताना एकदा रेडिओवर लागलेलं, तर बाबांनी रेडिओच उचलून भंगारवाल्याला दिला. लग्नाआधी आईचा कोणीतरी होता. बाबांना माहितीये. बाबा बाहेर गेले की ती ऐकायची, एवढंच होतं तिचं. माझं एक स्थळ गेलं असतं. दुसरं आलं असतं."

सॉरी म्हटलं. तिने फोन ठेवला.

शी. काकांचा राग राग करत बसले होते इतके दिवस. त्यांना निदान आपण काही वाईट करतोय हे वाटतच नाही. मला वाटत होतं, इथे लिहून ठेवलंय, आणि तरी केलं — वर शाबासकीची वाट बघत. ती बाई दुपारी दार लावून काय ऐकते, हे बघायचा मला काय अधिकार होता? रुपालीने बटण दाबलं होतं, तिने नाही.

वेळा काढणारं सगळं कोड पुसून टाकलं. स्वानंद म्हणाला, "आता पुसून काय होणार?" पहिल्यांदाच त्याच्याशी भांडले नाही.

१ मार्च, रविवार

दिपेशच्या घरून होकार आला. प्रभाकर काकांनी माझ्या नावाने पेढे पाठवलेत.

रुपालीची आई खडवलीला, भावाकडे आहे. रुपालीच्या बाबांनी तिला निरोप दिलाय — लग्नापुरती ये.