उतार राहू दे

माय, चालता न येणाऱ्या सगळ्यांची एकच तक्रार असते. वाट बांधताना त्यांना कुणी विचारत नाही. ही तक्रार मी पुष्कळ व्यासपीठांवरून मांडली आणि टाळ्या घेतल्या. तुझ्यापुढे कधी मांडली नाही.

अकोटच्या कापसाच्या जिनात कामावर असताना रुईची दाबलेली गाठ कमरेवर पडली, तेव्हापासून तुझे पाय गेले. मग आपण जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी राहायला आलो. मी फळीला चार चाकं ठोकून तुला गाडी करून दिली. सकाळी शेजारची काकू मागून दोर धरायची आणि तू मातीच्या उतारावरून थेट पाण्यापर्यंत घरंगळत जायचीस. काकू ओरडायची, "हळू वो बाई, मलेबी घेऊन बुडशीन!" तू हसत म्हणायचीस, "मंग सोड ना दोर!" धुणं तू स्वतः धुवायचीस. दिवसातला तेवढाच वेळ तू घराबाहेर असायचीस.

पावसाळ्यात मात्र त्या उताराचा चिखल व्हायचा. बाया भरल्या घागरींसकट घसरायच्या. वरच्या जातींच्या घाटाला दगडी पायऱ्या होत्या, आपल्या वस्तीला नव्हत्या. धम्मदीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती, ताठ मानेनं जगायची घाई होती. त्यांच्यासारख्याच पायऱ्या आपल्यालाही हव्यात, असं सगळ्यांनी ठरवलं आणि सभेत मी बोलायचं ठरलं.

सभेच्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी भाषण घोकतो आहे. तू भाकर थापतेस आणि मान वर न करता म्हणतेस, "एका अंगानं उतार राहू दे म्हणा. माही गाडी पायऱ्यावरून कशी उतरन?"

मी तोऱ्यात म्हणतो, "माय, उतार म्हणजे ढोराची वाट. आपल्याले माणसाची वाट पायजे."

तू तव्यावरची भाकर उलटतेस. "मंग मी ढोर झाली काय रे?"

मला वाटलं, तू थट्टा करतेस. मी हसलो आणि माझं ते ढोराच्या वाटेचं वाक्य भाषणात घातलं. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. वर्षभरात पायऱ्या झाल्या, काठापासून पाण्यापर्यंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बोटभर उतारही न ठेवता. लोकांनी मला हार घातला. तो घेऊन घरी आलो, तर तू गाडीचा दोर दाराच्या खुंटीला गुंडाळून ठेवत होतीस.

त्यानंतर तू उंबऱ्याच्या आत राहिलीस. पाठुंगळी घेऊन जातो म्हटलं, तर म्हणालीस, "मी का पोतं हाय?" नदीवरून काकूचा आवाज आला की तुझे हात थांबायचे. लुगडं धुणारं दुसरं कुणी असे, आणि ते नीट धुतलेलं नाही म्हणून तू चिडायचीस. मला वाटायचं, तू लुगड्यावर चिडतेस. चार वर्षांनी तुला बाहेर नेलं ते चौघांच्या खांद्यावरून, त्याच पायऱ्या उतरून. तेव्हा तू नको म्हणाली नाहीस.

मी मात्र त्या वाक्यातून अजून सुटलो नाही. रस्त्यात कुणी म्हातारा थांबवतो आणि म्हणतो, "काय बोलला होता गा तू! ढोराची वाट, माणसाची वाट!" मी मान डोलावतो. त्याला खरं सांगायला तोंड उघडत नाही. आणि हे तोंड बोलण्यासाठीच नावाजलेलं.

आता पायऱ्यांची डागडुजी निघाली आहे. उद्या सकाळी वस्ती नदीवर जमणार आहे आणि मलाच बोलायला सांगितलं आहे. हे पत्र कुठं टाकणार? ते खिशात राहील. तू उतार मागितला होतास आणि मी तो भाषणातून मुद्दाम गाळला, कारण त्यानं वाक्याचा जोर गेला असता. एवढं मी उद्या सांगेन. जीभ अडखळली तरी पुढचं तेवढं नक्की म्हणेन: बाप्पांनो, टाळ्या नको. कुदळी घ्या, या डाव्या अंगाच्या पायऱ्या आजच फोडा, आणि माझ्या मायची गाडी उतरेल एवढा उतार करा.