दुसऱ्याच्या छपरावरचा सब्जा

शेलूबाजार,
बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४

प्रिय संघपाल यास इब्राहीमचा सलाम आणि जयभीम.

आम्ही सगळे खुशाल. तुझ्या भाभीचे, रहमतबीचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे. फोन असताना पत्र कशाला म्हणून हसशील. हस. फोनवर बोललो तर घरातले ऐकतील.

माझा सब्जा कबूतर तुला आठवतो ना? हल्ली मंगरुळपीरहून सोडला तर बरोबर गावावर येतो, चार घिरट्या घालतो आणि दुसऱ्याच्याच छपरावर उतरतो. तू तिकडं नागपूरला जनावरांच्या कॉलेजात पिंजरे साफ करतोस, तिथं ऐकलेलं मागं सांगितलं होतंस, की पाखराच्या मेंदूत जागा ध्यानात ठेवणारा एक कोपरा असतो. तो बिघडला की दिशा कळते, घर कळत नाही.

असं पाखरू आम्ही कबूतरवाले टोळीत सोडत नाही. ते चुकलं की बाकीचीही त्याच्यामागं भलतीकडे उतरतात. सब्जाला मी जाळीत ठेवलं. पण तो कोपरा माणसालाही असतो का रे?

अठ्ठावीस वर्षं या रस्त्यावर जीप चालवतोय. दिवाळीच्या सुटीआधी शाळेची पोरं घेऊन निघालो, तर तुमच्या गावाचा फाटाच ओळखू आला नाही. तुझी नात ओरडली, "चाचा, आपलं गाव मांगं राह्यलं ना!"

"गंमत करून राह्यलो, बाई," मी म्हटलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या वेळी टाळ्या नव्हत्या. वळण चुकलं म्हणून गाडी फिरवली आणि हायवेवर उलट्या बाजूनं घातली. समोरून ट्रक आला. कसे वाचलो, अल्ला जाणे. अकरा पोरं होती, संघपाल. तुझी नात रडत होती. तिला उतरवताना मी म्हटलं, "घरी कोणाले सांगू नोको." तिनं सांगितलं नाही. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

माझ्या लेकाला, अशफाकला सांगायला दोनदा गेलो. पोरगा खुशीत जीपचे नवे टायर दाखवत होता. मी टायर बघून परत आलो.

सोमवारी शाळा उघडते. रविवारी ये, हे पत्र अशफाकपुढं वाच आणि माझ्याकडून चावी काढून घे. यायला जमलं नाही तर नातीच्या आईला, तुझ्या सुकेशनीला आधी फोन कर, लेकीला माझ्या गाडीत बसवू नको म्हणावं. मी चिडेन, हसेन, तुलाच खोटं पाडीन. माझं ऐकू नको. हे लिहिल्याचं तोवर मला आठवेलच, याची खात्री नाही.

आज सगळं आठवणारा,
तुझा इब्राहीम