भिंतीवर न सापडलेली रेघ

मंगळवार, दिवेलागण. शेवगाव

दुपारची धास्ती अजून मनात आहे. लिहून टाकतो, म्हणजे उतरेल.

सकाळी ऊसतोड टोळीचा जुना ट्रक आला. मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल उघडलं, आतले दाते तपासले, जुनं ऑईल काढलं. पण नवं भरलं का? तेच आठवेना! भरलं की मी आत बोट घालून बघतो आणि ते गॅरेजच्या भिंतीला पुसतो. वीस वर्षांची सवय. दुपारी भिंतीकडे बघितलं, तर ओली रेघच नाही. ट्रक बायकापोरं भरून अर्ध्या तासापूर्वी गेलेला. कोरडे दाते तापून अडकले, तर चालत्या गाडीची मागची चाकं जाम. ड्रायव्हर फोन उचलेना.

मोटारसायकल काढली. वाटभर डोळ्यापुढं ती भिंत. नेवाशाच्या अलीकडं मंडळी चहाला थांबलेली दिसली. थेट ट्रकखाली शिरलो, बूच खोललं, बोट घातलं. काठोकाठ ऑईल! बूच दोनदा आवळलं. मग रेघ गेली कुठं?

बाहेर आलो तर एक बाई हसली. "मिस्त्री, आता दुसऱ्या गालाला लावता का?" कडेवरच्या पोरीच्या गालावर काळी तीट.

"ही मी लावली?"

"मंग! आमच्या मुकादमाशी भांडत हुता तुमी. मीच म्हनलं, बोट काळं हाय तर लावा पोरीला."

वाकून हुंगलं. बोटाच्या काळ्या मळात नव्या ऑईलचा उग्र वास. लाज वाटली मला. गाल पुसायला फडकं काढलं.

तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. पोचेपत्तूर ऱ्हाऊ द्या."